विहाराचा पैसा कोणाच्या कामी येतो?

नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आज आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण ती विहाराच्या पैशाला लागू आहे की नाही, हा विषय समितीच्या बैठकीत सहसा कुणी काढत नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बायांनी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. दुकान उघडायचे म्हटले की गाळा लागतो, कर्ज लागते, आणि गावात मान मिळवायला देणगीची पावतीही लागते. विहाराचा संबंध येतो तो इथे.

भगवान बुद्धांनी उपासकाला शस्त्र, सजीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. मांसाबद्दल आपल्या घरोघरी वाद होतील, ते होवोत. मद्याबद्दल तरी दुमत नको. उपासकाला जे वर्ज्य, ते उपासकांच्या पै-पैशातून उभ्या राहिलेल्या विहाराला कसे चालेल?

नोंदणी झालेल्या विहार ट्रस्टने शिल्लक कुठे ठेवावी, हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. याहून वेगळे करायचे तर धर्मादाय आयुक्तांचा आदेश हवा. तरीही ओळखीच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळते म्हणून रक्कम तिकडे टाकण्याचा मोह होतो. तिथे पैसा बुडाला तर जाब विश्वस्तांनाच द्यावा लागतो, आणि त्यातून कर्ज बारला गेले की बैलजोडीला, हे कुणी विचारतही नाही. पोस्टातला पैसा निदान सरकारकडे जातो. (सरकारही दारूचा महसूल खाते, पण तो वाद निराळा.)

गाळे भाड्याने देणाऱ्या समित्यांनी करारनामा काढून वाचावा. दारू, खर्रा, सट्टा चालणार नाही, ही ओळ त्यात नसेल तर पुढे भाडेकरूला बोलायला तोंड राहत नाही. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मुदत छोटी ठेवलेली बरी, नवा करार करताना अट घालता येते.

इंग्लंडच्या चर्चने २०२३ मध्ये तेल-वायूच्या कंपन्यांतून गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर केले. त्यांच्याकडे अब्जावधी पौंड, आपल्याकडे दानपेटी आणि वर्षावासाची वर्गणी. त्यांची नक्कल इथे जशीच्या तशी चालायची नाही. बल्लारपूर, दुर्गापूर, घुग्घुसची कितीतरी घरे कोळशावरच जेवतात. त्यांची वर्गणी नाकारून विहार कोणासाठी चालवायचा?

येत्या ३१ मार्चनंतर हिशेब वाचाल तेव्हा शिल्लक किती एवढेच सांगून थांबू नका. ती कुठे ठेवली आहे, गाळ्यात काय विकले जाते, मोठ्या पावत्या कोणाच्या नावावर फाटल्या, हेही महिला मंडळासमोर वाचा. दारूच्या पैशातून आलेल्या पंख्याखाली बसून पंचशील म्हणायचे का, ते बायांना ठरवू द्या.