शंखोद्धार बेट आणि ओखामंडळचा किनारा

गोदातीरीं जन्म काढलेल्या माणसास पाण्याचें अप्रूप नसतें. पर्वकाळीं घाटावर स्नान, उन्हाळ्यांत वाळूंतून पायपीट आणि पावसाळ्यांत पुराची धास्ती, एवढी नदी आम्हां गंगाखेडकरांस ठाऊक असते. समुद्र मात्र मराठवाड्यांतील माणसास बहुधा पुस्तकांतूनच भेटतो. घरीं संस्कृत शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें माघाच्या ‘शिशुपालवधा’चा तिसरा सर्ग उघडला म्हणजे माझी नेहमींच पंचाईत होई. श्रीकृष्ण द्वारकेहून इंद्रप्रस्थास निघतो, आणि कवि त्या नगरीचें व तिला वेढणाऱ्या सागराचें वर्णन श्लोकामागून श्लोक करीत सुटतो. ज्या मुलांनीं गोदावरीच्या पुराहून मोठें पाणी पाहिलेलें नाहीं त्यांस लाटांवरच्या उत्प्रेक्षा समजावून द्यावयाच्या कशा? माघ स्वतः भिन्नमाळचा, मारवाडच्या कडेचा. म्हणजे तोही आमच्यासारखाच समुद्रापासून दूरचा. तेवढाच काय तो आम्हांस आधार!

द्वारकेची यात्रा करून आलेलीं कुटुंबें आपल्यांत पुष्कळ आहेत. चार धामांपैकीं एक आणि सात मोक्षपुऱ्यांपैकीं एक असा त्या क्षेत्राचा दुहेरी मान आहे. त्यांपैकीं बहुतेक मंडळी शंखोद्धारास, म्हणजे बेट द्वारकेसही, जाऊन येतात. परंतु तेथें काय पाहिलें असें विचारावें, तर ‘दर्शन झालें’ यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. बेट म्हणून तें बेट पाहणारे थोडे, आणि आतां तर ते आणखी थोडे होतील अशीं चिन्हें आहेत. म्हणून हा लेख.

आमच्या बाजूच्या वाचकांस एक सोय सांगून ठेवतों. रामेश्वराहून ओख्यास जाणारी साप्ताहिक गाडी परभणी जिल्ह्यांतील पूर्णा जंक्शनावरून जाते. देशाच्या दक्षिण टोंकाचें एक बेट आणि वायव्य टोंकाचें दुसरें बेट यांस जोडणारी ही गाडी आपल्या दाराशीं थांबते, हें पुष्कळांस ठाऊकही नसतें. अकोला, सुरत, अहमदाबाद, राजकोट, जामनगर असा मार्ग आहे. जामनगर मागें पडलें कीं झाडें खुजीं होत जातात, मिठागरें दिसूं लागतात, आणि वाऱ्यास एक खारट वास येतो. सौराष्ट्राच्या या टोंकास ओखामंडळ म्हणतात. २०१३ सालीं झालेल्या देवभूमि द्वारका जिल्ह्यांत तें मोडतें. ओखा बंदर हें त्याचें उत्तरेकडील शेवटचें ठिकाण. पुढें कच्छचें आखात, आणि ओख्यासमोर खाडीपलीकडे तें लांबट, वेडेंवांकडें बेट.

मी प्रथम तेथें गेलों तो १९८६ सालीं, मातुःश्रींस घेऊन. ओख्याच्या धक्क्यावर शेंदीडशें माणसें होडी भरण्याची वाट पाहत उभीं होतीं. होडी भरल्याखेरीज सुटावयाची नाहीं हा तेथील नियम, आणि ‘भरली’ कोणत्या क्षणीं म्हणावयाचें हें सर्वस्वीं नावाड्याच्या मर्जीवर! सोंवळ्याओंवळ्याचा मोठा बाऊ करणाऱ्या आमच्या मातुःश्री एका कच्छी म्हातारीच्या गांठोड्यास टेकून बसल्या होत्या. एका बाजूस राजस्थानी कुटुंब, दुसऱ्या बाजूस बेटावरचीं मुसलमान बायकामुलें बाजारहाट करून परत निघालेलीं. हिंवाळ्याचे दिवस असल्यामुळें पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे होडीभोंवतीं घिरट्या घालीत होते, आणि लोक त्यांस दाणे उधळीत होते. अर्ध्या तासांहून कमी वेळाचा तो प्रवास. पण तेवढ्यांत किनारा मागें सरकतो, पाण्याचा रंग पालटतो, आणि आपण भूमि सोडून कोठें तरी निराळ्या ठिकाणीं चाललों आहों असें मनास पटतें. मातुःश्री उतरतांना म्हणाल्या, “आतां कळलें, देव इथें कां येऊन राहिला तें. सहज कुणाला येतां येऊं नये म्हणून.”

ती अडचण आतां उरलेली नाहीं. २५ फेब्रुवारी २०२४ रोजीं ओखा व बेट यांस जोडणारा ‘सुदर्शन सेतु’ पंतप्रधानांच्या हस्तें खुला झाला. ९७९ कोटी रुपये खर्चून बांधलेला हा पूल सुमारें २·३ किलोमीटर लांब असून त्याचा मधला भाग उंच मनोऱ्यांपासून निघालेल्या पोलादी दोरांनीं तोलून धरला आहे. दोन्ही अंगांस पायीं चालणारांसाठीं वाट आहे. तिच्या भिंतींवर भगवद्गीतेंतील श्लोक व श्रीकृष्णाचीं चित्रें कोरलीं आहेत, आणि वर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पट्टे बसविले आहेत. गेल्या वर्षीं सौभाग्यवतीसह मी दुसऱ्यानें गेलों तेव्हां कांहीं अंतर मुद्दाम पायीं चाललों. श्लोक वाचीत चालणारीं अशीं आम्ही दोघेंच होतों. मोटारी भरधाव जात होत्या, आणि मोटारींतून श्लोक वाचतां येत नाहींत.

बेटावर एका वृद्ध नावाड्याची गांठ पडली. जाळें विणीत बसला होता. “चाचा, पूल झाला, तुमचें कसें चाललें आहे?” असें विचारतांच त्यानें हातांतली सुई बाजूस ठेवली. “मास्तरजी, माझी होडी आतां कुणाला नको. मुलगे मासळीवर जातात, तेंच पोट.” मी पुलास दोन शब्द लावणार इतक्यांत तोच म्हणाला, “पण पूल वाईट म्हणूं नका. माझी आई रात्रीं आजारी पडली. वारा होता, काळोख होता, होडी सोडतां येईना. सकाळीं ओख्याला नेऊं म्हटलें. ती सकाळ तिला दिसली नाहीं.” एवढें बोलून त्यानें पुन्हा जाळें हातीं घेतलें.

यात्रेकरूच्या मनांतली हुरहूर आणि बेटावर बारा महिने राहणाऱ्याची रात्र यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. पूल व्हावयासच हवा होता. तथापि पुलानें एक गोष्ट केली ती केलीच. पूर्वीं होडीची वाट पाहण्यांत दिवस मोडे, म्हणून लोक बेटावर चार घटका रमत. आतां द्वारकेहून निघून, दर्शन घेऊन, दुपारच्या जेवणास द्वारकेंत परत, असा हिशेब झाला आहे. बेट जवळ आलें आणि त्याबरोबर लहानही झालें.

देवळाचें वैशिष्ट्य असें कीं तें देवळासारखें दिसत नाहीं. द्वारकेस उंच शिखर, तर येथें चौकसोप्यांचा वाडा. द्वारकेंत भगवंतांची राजसभा आणि बेटावर राहतें घर, अशी परंपरा आहे. म्हणून येथें सत्यभामा, जांबवती यांचे महाल आहेत. मुख्य मूर्ति स्वतः रुक्मिणीनें घडविली असें सांगतात, आणि या स्थानाच्या स्थापनेचा मान वल्लभाचार्यांकडे देतात. सुदाम्याची व श्रीकृष्णाची भेट येथेंच झाली अशी श्रद्धा असल्यामुळें यात्रेकरू तांदूळ अर्पण करतात. आमच्या सौभाग्यवतींनीं गंगाखेडाहून शेरभर तांदूळ पुरचुंडींत बांधून आणलेच होते. पोह्यांच्या जागीं तांदूळ कसे, ही शंका मीं काढली. “अहो, देवानें कधीं विचारलें नाहीं, तुम्हीं कशाला विचारतां?” या उत्तरावर माझें संस्कृत आटोपलें.

या किनाऱ्याशीं मराठी माणसाचें नातें केवळ यात्रेचें नाहीं. १८१७ पासून ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांकडे होतें, तें संस्थान १९४९ सालीं विलीन होईपर्यंत. येथील वाघेर लोकांस हा अंमल कधींच मानवला नाहीं. १८५७ च्या धामधुमींत जोधा माणेक व मुळू माणेक यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं बंड केलें व द्वारका आणि बेट हस्तगत केलें. ऑक्टोबर १८५९ मध्यें इंग्रजांनीं आरमार आणून बेटावर तोफा डागल्या. वाघेर निसटले, पण किल्ला उडवून देण्यांत आला आणि देवळांचीही नासधूस झाली. पुढें १८६१ सालीं द्वारकेच्या शिखराचा जीर्णोद्धार झाला, त्यांत खंडेराव महाराज गायकवाडांचा हात होता. ज्या बंदुकांनीं देऊळ फोडलें त्या गायकवाडांच्याच दोस्तांच्या होत्या, हेंही येथें सांगितलें पाहिजे. जीर्णोद्धार तेवढा सांगून मोकळें होणें बरें नव्हे. ओखा बंदर मात्र निर्विवाद सयाजीराव महाराजांचें. तें १९२६ सालीं सुरू झालें. त्याच महाराजांनीं १९०६ मध्यें साऱ्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. या खाऱ्या, रेताड टोंकावरील पोरांवर शाळेची सक्ती झाली, तेव्हां आमच्या निजामी मराठवाड्यांत आपल्या भाषेंतून शिकणें दुरापास्त होतें. शिक्षकाच्या डोळ्यांस बंदरापेक्षां हेंच मोठें दिसतें.

आतां विद्वानांच्या प्रांताकडे वळूं. कृष्णाची द्वारका ती हीच काय, हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूच्या ओंठावर असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे झैनुद्दीन अन्सारी व म. श्री. माटे यांनीं १९६३ सालीं द्वारकेंत जगत्-मंदिरालगत उत्खनन केलें. त्यांस इसवी सनाच्या आरंभाच्या सुमाराची वस्ती सांपडली. पुढें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत राहून एस. आर. राव यांनीं पाण्याखालीं शोध आरंभिला. बेटाच्या किनाऱ्याशीं त्यांस जुन्या भिंतींचे अवशेष, मृत्पात्रें आणि तीन मुखांचा पशु कोरलेली शंखाची एक मुद्रा मिळाली. ती उत्तर-हडप्पा काळची, म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची, असा त्यांचा निर्णय. त्यांच्यामागून आलेल्या संशोधकांनीं दगडी नांगर व रोमी कुंभांचे तुकडे वर काढले. द्वारकेजवळ सांपडलेले पुष्कळसे नांगर मध्ययुगांतील असावेत, असेंही त्यांनींच दाखवून दिलें.

यावरून हें बेट अत्यंत प्राचीन काळापासून नाविकांस परिचित होतें एवढें सिद्ध होतें, आणि तें थोडें नाहीं. शंखाच्या मुद्रेवरून श्रीकृष्णाचा वाडा सिद्ध करूं पाहणारे व्याख्याते मीं ऐकले आहेत. मौसलपर्वांतील द्वारका समुद्रानें गिळली, ती व्यासांनीं सांगितली म्हणून आपण मानतों. तिला पाणबुड्याच्या दाखल्याची गरज नाहीं, आणि पाणबुड्यास सांपडलेल्या मडक्यास व्यासांच्या शिफारसीची गरज नाहीं. दोहोंची सरमिसळ केली कीं दोन्ही बाटतात.

शंखाची गोष्ट मात्र खरोखर मौजेची आहे. ‘शंखोद्धार’ या नांवाची उपपत्ति पुराणांत शंखासुराच्या वधानें दिली आहे. पंचजन दैत्य समुद्रांत शंखरूपानें राहत होता ही भागवतांतील कथाही सर्वांस ठाऊक आहे. इकडे या किनाऱ्यावर नागेश्वर येथें हडप्पा काळचा शंखकामाचा मोठा कारखाना उत्खननांत उघडकीस आला. तेथें शंख कापून बांगड्या व पळ्या करीत. पुराणकथेच्या मुळाशीं पुष्कळदां एखादा साधा धंदा असतो.

बेटाचा पूर्वेकडील भाग यात्रेकरूंनीं सहसा पाहिलेला नसतो. देवळापासून सुमारें पांच किलोमीटरांवर हनुमानदांडी आहे. तेथें मारुति व त्याचा पुत्र मकरध्वज यांच्या मूर्ति शेजारीं शेजारीं आहेत. ब्रह्मचाऱ्यास पुत्र कसा, ही शंका लहान मुलांनीं विचारूं नये अशी वडील मंडळींची इच्छा असते, आणि तीं नेमकी तीच विचारतात. वाटेंत वाळूच्या टेकड्या आणि बाभळीचीं खुरटीं झुडपें. ओहोटीच्या वेळीं गेल्यास समुद्र दूरवर मागें सरतो आणि खडकांच्या खळग्यांत खेंकडे, समुद्रफुलें व प्रवाळ दिसतात. कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा १९८२ सालीं देशांतील पहिलें सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आला, तो याच जीवसृष्टीसाठीं. तेव्हां पाहावें, पण उचलून घरीं आणूं नये. आमच्या सौभाग्यवतींनीं हातीं घेतलेली एक शिंपी परत ठेवली. तिच्यांत बिऱ्हाड होतें.

ओख्याहून द्वारकेकडे परततांना गोपीतलाव लागतो. आपल्या देव्हाऱ्यांतील गोपीचंदनाची वडी येथल्या पिवळसर मातीची. वारकऱ्याच्या कपाळीं बुक्क्याखालीं लागतें तें हेंच. पुढें नागेश्वराचें ज्योतिर्लिंग. हा आम्हां लोकांचा दुखरा विषय! दारुकावनांतील नागेश तो आमच्या औंढ्याचा, असें आम्हीं लहानपणापासून ऐकलें. औंढा १९९९ सालीं परभणी जिल्ह्यांतून निघून हिंगोलीस गेला, तरी हक्क सोडलेला नाहीं. पुजाऱ्याशीं वाद न घालतां मीं अभिषेक केला. दोन्हीकडे केला म्हणजे चूक होण्याचा संभवच नाहीं.

द्वारकेच्या अलीकडे रुक्मिणीचें एकाकी मंदिर आहे. बाराव्या शतकांतलें मानतात. खाऱ्या वाऱ्यानें त्याच्या भिंतींवरच्या मूर्ति झिजल्या आहेत. दुर्वासांचा रथ ओढतांना तहानेनें व्याकुळ झालेली रुक्मिणी त्यांस न विचारतां पाणी प्याली. तेव्हां तिला पतीपासून वेगळें राहण्याचा, आणि या भूमीस गोड पाणी न मिळण्याचा शाप मिळाला, अशी कथा आहे. म्हणून येथें दान करावयाचें तें पाण्याचें. वर्धेकांठच्या कौंडिण्यपुराची, भरल्या नदीच्या गांवची ही लेक, आणि तिच्या वांट्यास आलें तें हें! पंढरपुरींही ती विठोबापासून वेगळ्याच देवळांत उभी आहे.

जलदानाची पावती लिहितांना पुजाऱ्यानें गांवाचें नांव विचारलें. त्यास परभणी ठाऊक नव्हती, जनाबाई ठाऊक नव्हत्या. मीं अक्षरें सुटीं करून सांगितलीं. लिहून झाल्यावर तो मान वर करून म्हणाला, “गंगा तर नांवांतच आहे, आणखी पाणी काय देतां?” सौभाग्यवतींनीं आणखी पन्नास रुपये पुढें ठेवले.