भोंगा आणि हजेरी

गिरण्या चालू होत्या तेव्हा भोईवाड्यातील चुली भोंग्यावर पेटत. भोंगा वेळ सांगे. साच्यावर माणूस उभा आहे की नाही, हे मात्र तो पाहत नसे. त्यासाठी हजेरीपट होता, बदली कामगार होता. संगणकाकडून ठराविक वेळी आपोआप कामे करून घ्यावयाची, तर हाच भेद ध्यानात धरावा लागतो.

ही कामे पडद्यामागची, पण आपल्या पोटाशी निगडित. एनईएफटीने पाठविलेले पैसे 16 डिसेंबर 2019 पासून रात्रंदिवस, दर अर्ध्या तासाला एक अशा 48 तुकड्यांनी चुकते होतात. तुकडी हुकली, तर कोणाचा तरी पगार अडतो.

सर्वांत जुनी रीत ‘क्रॉन’ची. युनिक्स प्रणालीत ती 1970 च्या दशकात आली. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरे भरून पुढे काम लिहावयाचे. रीत सोपी, परंतु हा निव्वळ भोंगा. त्या क्षणी यंत्र बंद असेल तर काम बुडाले. आधीचे संपले नसेल तरी दुसरे सुरू.

दुसरी रीत, 2010 साली आलेल्या ‘सिस्टिमडी’तील टायमरची. हुकलेले काम यंत्र चालू होताच करण्याची सोय तीत लावता येते. आणि आधीचे काम चालू असता तेच पुन्हा सुरू होत नाही.

तिसरी रीत रांगेची. घड्याळ केवळ चिठ्ठी टाकते. मोकळा असलेला प्रोग्राम ती उचलतो, काम फसल्यास पुन्हा करतो. अनेक यंत्रांवरील कामास ही उत्तम. पण ‘पुन्हा’ या शब्दातच धोका आहे.

आमच्या माहितीतील एका पतपेढीत हप्ते कापण्याचे काम अर्ध्यावर थांबले. ते पुन्हा पहिल्यापासून चालविले, आणि कित्येक सभासदांचा हप्ता दोनदा कापला गेला. पैसे परत मिळाले. पण तोवर वाण्याची उधारी थांबली नव्हती. प्रत्येक कपातीस सभासद व महिना यांची खूण असती आणि कापण्यापूर्वी ती तपासली असती, तर हे टळते.

तेव्हा श्रोतेहो, निवड करताना दोनच प्रश्न विचारावे : काम हुकले तर काय, आणि दोनदा झाले तर काय? जुन्या नोंदी झाडण्यास क्रॉन पुरे. रोज बंद होणाऱ्या यंत्रावर टायमर बरा. पगाराला रांग घ्या वा टायमर, सोबत खुणेची नोंदवही हवीच. भोंगा वाजला म्हणजे हजेरी लागली, असे गिरणीतही कोणी मानले नाही.