पोटातला राखणदार

मामा जाऊन महिना झाला तेव्हा आम्ही नृसिंहवाडीला मामींकडे गेलो होतो. बाहेर संगमाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ, घरात मात्र सामसूम. मामींनी चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आरं, तुझं मामा कधी दारूला शिवलं न्हाईत. मग पोटात कॅन्सर आला कुठनं?" आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. काय उत्तर देणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. जे उमजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. संडास धुण्याच्या बाटलीत असते तेच. मग ते जठरालाच का खात नाही? कारण जठराला आतून बुळबुळीत थराचे अस्तर असते. या थरात काही चिमुकली प्रथिने असतात. त्यांची साखळी दुमडून तीन वेटोळी होतात. मेथीचे पान डोळ्यांपुढे आणा, तसाच आकार. म्हणून त्यांना ट्रेफॉईल, म्हणजे त्रिदल, असे नाव पडले. माणसाच्या शरीरात अशी तीन प्रथिने आहेत. पहिली दोन मुख्यतः जठरात, तिसरे मुख्यतः आतड्यात.

अस्तराला कुठे ओरखडा पडला की कडेच्या पेशी सरकत येतात आणि जखम झाकून टाकतात. त्यांना सरकायला मदत करतात ती ही प्रथिने. पण एवढ्यावर भागत नाही. या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. आमच्या कारकुनी भाषेत सांगायचे तर आवक-जावक रोज जुळली पाहिजे. जठरातले पहिले प्रथिन पेशींच्या वाढीला लगामही घालते.

हा लगाम सुटला तर काय होते, हे 1996 साली दिसले. फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या शास्त्रज्ञांनी पहिले प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. त्या सगळ्या उंदरांच्या जठरात गाठी आल्या आणि सुमारे 30 टक्के उंदरांत कर्करोग झाला. त्याच वर्षी अमेरिकेत तिसरे प्रथिन नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांच्या आतड्याला इजा केल्यावर ती भरूनच आली नाही. माणसातही जठराच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पहिले प्रथिन नाहीसे झालेले आढळते.

आता गंमत पाहा. हेच पहिले प्रथिन 1982 साली स्ट्रासबूर्गलाच सापडले ते जठरात नव्हे, तर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत! जखम भरण्यासाठी पेशींना सरकवणारे, मरू न देणारे तिसरे प्रथिन काही गाठींच्या हाती लागले की कर्करोगाच्या पेशीही तशाच सरकतात आणि तगतात. राखणदारानेच चोराला शिडी लावून द्यावी, तसे.

पण या तिसऱ्या प्रथिनाचा इंग्लंडमध्ये चांगला उपयोग करून घेतला आहे. वर्षानुवर्षे आम्ल वर येऊन अन्ननलिका पोळत राहिली की तिथे आतड्यासारख्या पेशी उगवू शकतात. ही पुढच्या कर्करोगाची आधीची पायरी असू शकते. दोरा बांधलेली कॅप्सूल गिळायला देतात. पोटात तिचा स्पंज फुलतो, तो दोऱ्याने वर ओढून पेशींत हे प्रथिन आहे का ते पाहतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही तपासणी देऊ केलेल्या गटात असे 140 रुग्ण सापडले, नेहमीच्या पद्धतीच्या गटात फक्त 13.

मामांच्या पोटात नेमके काय बिघडले हे आता कोण सांगणार? पण जठराच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आहे. बॅरी मार्शल यांनी 1984 साली तो स्वतः पिऊन त्याने जठराला सूज येते हे दाखवले. 2005 साली त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणीच, दाटीवाटीच्या घरांत लागतो. एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्यांना त्याचा पत्ता वेगळा सांगायला नको! औषधांनी तो मरतो, पण आधी तपासणी झाली पाहिजे. तंबाखूनेही हा कर्करोग वाढतो. मामा दारूला शिवले नाहीत हे खरे, पण तंबाखूची पुडी उशाला असायची. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायचे. त्या गोळ्या अस्तर खरवडतात. जळजळ झाली की सोडा. दोन वर्षे असेच चालले. शौचाला काळे व्हायला लागले तेही कोणाला बोलले नाहीत. दुर्बिणीने तपासले तेव्हा रोग यकृतापर्यंत गेला होता.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, उगाच वजन उतरणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, यांतले काहीही दिसले तर सोड्यावर दिवस काढू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

हे सगळे आम्ही मामींना सांगितले. त्या ऐकत होत्या. मग हळूच उठल्या आणि फळीवरचा सोड्याचा डबा आणून आमच्यापुढे ठेवला. वर्षभर त्याही घेत होत्या. येत्या सोमवारी रात्रीपासून उपाशी ठेवून आम्ही त्यांना दुर्बिणीच्या तपासणीला मिरजेला नेणार आहोत.