बारीक भुकटी संगणकाला का चकवते?



१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी पंजाबात एका वर्कशॉपवर होतो. एका दुपारी शक्तिमान ट्रकच्या इंजिनाने पेट घेतला. जवानाने धावत जाऊन भिंतीवरचा पावडरचा सिलिंडर काढला, ठोका मारला. फुस्स करून गॅस निघून गेला, पावडर आत तशीच. दुसऱ्या सिलिंडरने आग विझली, पण तोवर त्याचा हात भाजला होता. नंतर उघडून पाहिलं तर पावडर घट्ट बसलेली, आणि गॅसने तिच्यातून उंदराच्या बिळासारखं एक भोक पाडलेलं.

त्या बिळामागचं शास्त्र मला निवृत्तीनंतर माझ्या पुतणीने समजावलं. ती बडोद्याला असते, पावडरींची संगणकी मॉडेलं बनवते.

वाळूच्या थरातून खालून हवा सोडा आणि वेग वाढवत न्या. एका वेगाला हवेची ओढ वाळूच्या वजनाइतकी होते आणि वाळू पाण्यासारखी वागू लागते, उकळल्यासारखे बुडबुडे येतात. हा फ्लुइडाइज्ड बेड. ब्रिटनच्या डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ साली पावडरींचे चार गट पाडले. वाळू 'बी' गटात, तिच्याहून जाड दाणे 'डी'त. मैद्यासारख्या चिकट भुकट्या 'सी'त. आमचा सिलिंडर तिथलाच.

चिकटपणा येतो कुठून? कणाचा व्यास निम्मा केला की वजन आठपट घटतं, पण कणाकणांतलं आकर्षण साधारण निम्मंच होतं. म्हणजे वजनाच्या तुलनेत चिकटणं चौपट. त्यात ओल आणि गाडीचे धक्के आले की झालंच.

सगळ्यात मोलाचा गट 'ए', साधारण ३० ते १०० मायक्रॉनचा. रिफायनरीत जड तेल फोडून पेट्रोल करणारा उत्प्रेरक याच गटातला, सरासरी ७० मायक्रॉन. असा पहिला व्यापारी कारखाना १९४२ साली अमेरिकेत बॅटन रूजला सुरू झाला. युद्धात विमानांना उंची पेट्रोल हवं होतं. (फौजी माणूस, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!) आज मुंबईत माहुलला, जामनगरलाही अशी युनिटं आहेत.

आता संगणक. एक रस्ता म्हणजे प्रत्येक कणाचा हिशेब ठेवायचा. पण या भुकटीच्या एका घनसेंटीमीटरमध्ये सुमारे ३० लाख कण. १०० टन भुकटीत साडेतीनशे लाख कोटी! प्रत्येक जवानाला नावाने हाक मारून ब्रिगेड हलवता येत नाही. म्हणून दुसरा रस्ता: कणांचा समूह हाच एक द्रव मानायचा, हवा दुसरा द्रव, आणि जागेच्या छोट्या चौकटी पाडून समीकरणं सोडवायची.

इथेच घोटाळा होतो. पुतणी म्हणाली, "काका, माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये थर फुगून वरून ओतूच लागला!" खऱ्या थरात कण पुंजक्यांनी फिरतात आणि हवा पुंजक्यांना वळसा घालून निसटते. चौकट मोठी असली की पुंजके दिसत नाहीत. कण सारखे पसरलेत असं धरून संगणक ओढ जास्त मोजतो. चौकट कणाच्या दहापट व्यासाच्या आसपास, म्हणजे एक मिलिमीटरच्याही आत आणावी लागते. पाच मीटर व्यासाच्या, दहा मीटर उंच पात्राला एक मिलिमीटरच्याच धरल्या तरी सुमारे २० हजार कोटी चौकटी. कुठला संगणक पुरणार?

प्रिन्स्टनचे शंकरन सुंदरेसन यांच्या गटाने छोट्या जागेत बारीक हिशेब करून, त्यावरून मोठ्या चौकटीसाठी ओढ किती कमी धरायची याची सूत्रं काढली. चीनच्या ली जिंगहाय यांनी पुंजके आणि विरळ भाग वेगळे मोजून तोच प्रश्न सोडवला. मला पहिली वाट जास्त पटते, कारण त्यात बारीक हिशेबाची साक्ष हाताशी असते.

तरीही पुतणी पडद्यावरच्या रंगीत चित्रावर भरवसा ठेवत नाही. आधी पात्राच्या दोन उंचींवरचे दाब मागवते. त्या दाबांतला फरक म्हणजे जवळपास मधल्या भुकटीचं वजनच. मॉडेलचा आकडा त्याच्याशी जुळला, तरच पुढचं बोलणं.