एफ आला, पण फरक कुठे आहे?

कृषी विद्यापीठांतले थिसिस वाचताना एक वाक्य हमखास भेटते: ‘एफ सार्थक आला, म्हणजेच सर्व ट्रीटमेंट एकमेकींपासून वेगळ्या आहेत.’ उलट ज्यांचा एफ आला नाही, ते तक्त्यात ‘एन. एस.’ लिहून मोकळे होतात. जोड्या तपासायला आता परवानगीच नाही म्हणे! दोन्ही समजांचे मूळ एकच. एफ हे फाटक आहे आणि ते उघडले तरच जोड्यांकडे जायचे, असे शिकवले जाते.

एफ फक्त एवढेच विचारतो, की सगळ्या सरासऱ्या खरोखर सारख्या असत्या तर एकूण एवढी तफावत निव्वळ योगायोगाने दिसली असती का? कोण कोणापासून वेगळे, हा त्याचा विषयच नाही. जोड्या तपासणारी टुकी यांची चाचणी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सरासरीतले अंतर धरून चालते. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेही निराळी येऊ शकतात.

मुद्दाम रचलेले आकडे घेऊ. चार वाण, सहा रेप्लिकेशन, आरबीडी, एरर एमएस ६. सरासऱ्या हेक्टरी २०, २०, २३.२ आणि २३.२ क्विंटल. एफ येतो ३.४१, तक्त्यातली किंमत ३.२९, म्हणजे सार्थक. टुकींना मात्र ४.०८ क्विंटलचे अंतर हवे, आणि इथले मोठ्यात मोठे अंतर ३.२. एकही जोडी सार्थक नाही! मग एफने पाहिले काय? पहिले दोन मिळून विरुद्ध शेवटचे दोन मिळून, हा फरक. शेफे यांच्या १९५३ च्या पद्धतीने ही तुलना तपासा, ती सार्थक निघते.

आता सरासऱ्या १९.५, २१.६, २१.६, २३.७ करा. एफ २.९४, नापास. पण टोकांमधले अंतर ४.२, म्हणजे टुकींच्या कसोटीला ती जोडी उतरते. टुकींची चाचणी स्वतःच्या बळावर चुकीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवते. तिला एफची चिठ्ठी लागत नाही. तरी व्हायव्हात ‘एफ नसताना टुकी कशी लावली?’ हा प्रश्न येतोच.

चिठ्ठीची अट आहे ती फिशर यांच्या एलएसडीला, म्हणजे आपल्या लाडक्या सी. डी.ला. तीन ट्रीटमेंट असतील तर ती अट पुरते. त्यापुढे नाही. दहा ट्रीटमेंटमध्ये कंट्रोलचे उत्पादन अगदीच पडले, की तेवढ्यानेच एफ सार्थक येतो. उरलेल्या नऊ ट्रीटमेंट खरोखर सारख्या असल्या तरी त्यांच्या ३६ जोड्या ५ टक्क्यांच्या सी. डी.ने तपासल्या जातात आणि सरासरी जवळपास दोन खोटे फरक पदरात पडतात. पहिल्या उदाहरणातही सी. डी. ३.०१ येतो, म्हणजे टुकी जिथे एकही जोडी देत नाहीत तिथे सी. डी. चार देतो.

‘ॲट पार’ म्हणजे समान, हेही खोटे. दुसऱ्या उदाहरणात १९.५ आणि २१.६ ॲट पार, २१.६ आणि २३.७ ॲट पार, पण टोके वेगळी. समान असते तर हे जमले असते का?

फक्त कंट्रोलशीच तुलना करायची असेल तर डनेट (१९५५) वापरा, सगळ्या जोड्यांची किंमत कशाला मोजता?

आणि नत्राच्या ०, ४०, ८०, १२० किलो मात्रांना गट दाखवणारी अ-ब-क अक्षरे चिकटवू नका. तिथे वक्ररेषा काढायची असते.

तक्त्याखाली नुसते ‘सी. डी. ५ टक्के’ लिहून थांबू नका. कोणती चाचणी लावली आणि कोणत्या तुलना पेरणीआधीच ठरवल्या होत्या, हे ‘साहित्य व पद्धती’च्या प्रकरणात स्पष्ट लिहा.