मदतीचा खेळ व कंपवात

दिव्यांच्या झगमगाटाचा आणि गाण्याबजावण्याचा रोग्यास काय उपयोग, असा प्रश्न मदतीच्या खेळाची जाहिरात पाहून पुष्कळांस पडतो. आम्हांसही तो पडला होता.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे पाय आजारानें लुळे पडले होते. ३० जानेवारी १९३४ रोजीं त्यांच्या वाढदिवसानिमित्त तेथें गांवोगांव नृत्यसमारंभ होऊन पोलिओच्या रोग्यांसाठीं दहा लाख डॉलरांहून अधिक निधि जमला. १९३८ सालीं त्याच कार्यास कायमची संस्था निघाली. तिच्या पैशांतून शुश्रूषा झाली, संशोधनही झालें. १९५५ सालीं साल्क यांची लस हातीं आली.

आमच्याकडेही ही रीत जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठीं केला.

आज कंपवाताच्या रोग्यांस असा आधार हवा आहे. या रोगांत मेंदूंतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. बहुधा हात कांपतात, चाल मंदावते. औषधानें लक्षणें आटोक्यांत राहतात, पण झीज थांबत नाहीं. म्हणून शोधास पैसा हवा, आणि शोध लागेपर्यंत व्यायाम, वाचोपचार व शुश्रूषा यांसही हवा. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून अशा रोग्यांसाठीं झटत आहे.

देवगाव फाट्याच्या रोग्यास तर तज्ज्ञाकडे पोहोंचण्यासच गाडीभाडें मोजावें लागतें. म्हणून, वाचकहो, तिकीट अवश्य घ्यावें. पण खेळानंतर हिशेबही विचारावा: मांडवास किती गेले आणि रोग्यापर्यंत किती पोहोंचले?