वेताळ, व्हॅम्पायर आणि टोनही

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, वेताळ म्हणजे आपला व्हॅम्पायर ना?"

हा घोळ जुना आहे. रिचर्ड बर्टन, कधीकाळी मुंबई इलाख्याच्या पलटणीत असलेला गोरा अधिकारी. त्याने १८७० साली वेतालकथा इंग्रजीत आणल्या आणि वेताळाला सरळ व्हॅम्पायर म्हटलं. पण विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ काही त्याचं रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, कोडी घालतो आणि शेवटी कपटी जोग्यापासून राजाचा जीवही वाचवतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तर तो वेतोबा, गावचा राखणदार! रात्री गस्त घालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याची भलीमोठी पायताणं वाहतात. आम्हा फौजींना हा देव लगेच पटतो.

मग रक्तपिपासू आला कुठून? सर्बियातल्या एका गावात लागोपाठ माणसं दगावू लागली. १७३२ साली ऑस्ट्रियन लष्कराच्या डॉक्टरांनी तिथल्या कबरी उघडल्या. काही प्रेतं ताजी, फुगलेली, तोंडाशी रक्त. तसा अहवाल गेला आणि युरोपभर गाजला. आज कारण ठाऊक आहे. प्रेतात वायू साठतो, पोट फुगतं, आतला लालसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो. कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी दिसतात. थंड मातीत कुजणं लांबतं. डॉक्टरांनी जे पाहिलं ते खरं होतं, अर्थ तेवढा चुकला. स्टोकरचा ड्रॅक्युला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १८९७ साली आला.

सर्बियात डोकी उडवली ती निदान मेलेल्यांची. आमच्या छत्तीसगढात मूल आजारी पडलं, गुरं दगावली, तर संशय जातो जिवंत बाईवर. ती टोनही, तिची नजर लागली. बहुधा विधवा, एकटी, कधी नावावर दोन एकर जमीन असलेली. हरेली अमावास्येला तिच्याच भीतीने दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात. राऊत माझ्याही दाराला खोचून जातो, मी त्याला बक्षिसी देतो. पावसाळी किड्यांना कडुनिंब बराच, एवढंच माझं समाधान.

इथे २००५ पासून टोनही प्रताडना निवारण कायदा आहे. एखादीला नुसतं टोनही ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, त्यावरून तिचा छळ केला तर पाच वर्षांपर्यंत. नातवाला वेताळाची गोष्ट सांगून झाल्यावर हेही सांगितलं. त्याने विचारलं, "मग त्या बाईचं घर कोण राखतं?"